मनगटावरचा हात

फोनवर येणाऱ्या नोटिफिकेशनला मालन खराडे माशी म्हणायची. आली, बसली, हाकलली. दिवसाला दोनशेच्या आसपास माशा. चार नंबरच्या खोलीचं दार उघडं आहे. दोन नंबरच्या खोलीत तापमान अर्ध्या अंशानं जास्त आहे. टाकीत पाणी कमी आहे. टाकी भरली आहे. मुख्य कार्यालयाकडून आपणांस वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. सगळ्यांचा आवाज एकच, सगळ्यांवर तेच लाल टिंब, आणि सगळ्यांखाली 'मिळालं' असं एक बटण. ते दाबलं की माशी उडाली.

सांगलीच्या पुढे, बेदाण्याच्या पट्ट्यात ते शीतगृह होतं. बावीस वर्षांपूर्वी मालन तिथं बेदाणा निवडायला म्हणून लागली. पुढे निवडायला कॅमेऱ्याची यंत्रं आली आणि शेडमधल्या बायका एकेक करून घरी गेल्या. मालन गेली नाही. कारण तोवर रोज जेवणाच्या सुट्टीत मिस्त्रींच्या मागं उभं राहून, त्यांचा जीव नकोसा करून, तिनं अमोनियाचं मशीन शिकून घेतलं होतं. कुठला पाइप गरम, कुठला गार, कुठला वाल्व कधी आवळायचा, सगळं. आता एक्कावन्नाव्या वर्षी दिवसपाळीला मशीनघर तिच्या ताब्यात होतं. अमोनिया म्हणजे खोल्यांमधली उष्णता चोरून बाहेर नेऊन टाकणारा वायू. पाइपात आहे तोवर गुणी. बाहेर आला की डोळे आणि छाती धरतो.

गेल्या वर्षी दुपारी चारच्या चहाला पाइपाचा एक सांधा सुटला. तातडीची सूचना अकरा फोनांवर गेली. नऊ सेकंदांत अकरा अंगठ्यांनी 'मिळालं' दाबलं आणि अकराही जणांनी चहाचा पुढचा घोट घेतला. शेवटी वास आला तेव्हा पळापळ झाली. जीव कुणाचा गेला नाही, पण बाळू हमालाच्या डोळ्यांवर बारा दिवस पट्टी होती. चौकशीला आलेल्या साहेबानं विचारलं, "सूचना मिळाली होती का?"

"मिळाली होती," मालन म्हणाली. तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यात लाजिरवाणं खरं होतं.

त्यानंतर शिरगुप्पे आले. पुण्याच्या एका कंपनीचे, पन्नाशीचे, वर्षातून दोनदा मोठी पांढरी गाडी घेऊन येणारे. त्यांनी सगळ्यांना शेडमध्ये बसवलं आणि मालनलाच विचारलं, "बाई, हातात बांगड्या किती आहेत?"

मालननं न बघता सांगितलं, "सहा."

"आत्ता मी विचारेपर्यंत त्या जाणवत होत्या?"

"छे. जाणवायला काय झालंय?"

"बघा! कातडी विसरते. जे रोज सारखंच लागतं ते ती मेंदूला कळवायचं सोडून देते. फोनची थरथर विसरते, घड्याळ विसरते. पण एक गोष्ट विसरत नाही." शिरगुप्प्यांनी आपलंच मनगट धरून दाखवलं. "ओळखीच्या माणसाची पकड. कातडीत दोन प्रकारच्या नसा असतात. एक जलद. त्या सांगतात, कुठं लागलं, किती जोरात लागलं. दुसऱ्या संथ. त्यांना कातडीएवढी ऊब आणि मायेनं फिरलेला हात तेवढा कळतो. त्या सांगतात, कुणी धरलं. दोन्ही एकदम जाग्या झाल्या की माणूस विचार करायच्या आधीच उठतो."

त्यांनी आणलेला मनगटाचा पट्टा म्हणजे कापडी कडंच होतं. आत चोवीस बारीक हवेच्या पिशव्या आणि उबेच्या तारा. घरच्या एका माणसानं गाडीतल्या रबरी हातावर आपली पकड द्यायची. कुठलं बोट आधी टेकतं, अंगठा किती दाबतो, ओढ कुठल्या बाजूला, हे सगळं पट्टा शिकतो. मग धोका झाला की फोन वाजत नाही. घरचं माणूस मनगट धरतं.

कुणाची पकड द्यायची यावर शेडमध्ये आठवडाभर चर्चा चालली. वजनकाट्यावरच्या शमशादनं आईची दिली. बाळू हमालानं बायको सोडून सासूची दिली. "मी फक्त तिलाच भितो," म्हणाला, आणि ते त्याच्या बायकोनंही मान्य केलं.

मालननं नवऱ्याचं नाव दिलं. दिनकर खराडे, ब्लाऊज शिवणारे शिंपी, घराच्या पुढच्याच खोलीत दुकान. गाडीत एकट्यानं जायचं होतं. दिनकर आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा घामाघूम.

"झालं?"

"माप नीट आलं नाही म्हणतात. उद्या परत बोलावलंय."

"रबराच्या हाताला पण लाजलात व्हय?" मालन म्हणाली. दिनकर नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी ती पाळीवर होती, त्यामुळे गाडीपाशी नव्हती. संध्याकाळी तिच्या हाती पट्टा आला.

पहिली सूचना आली ती चौथ्या दिवशी. कॉम्प्रेसरचा दाब वाढत होता. मालन वहीत आकडे लिहीत होती आणि तिचं मनगट कुणीतरी धरलं. चार बोटं खालून, अंगठा वरून, आणि वरच्या अंगाला एक ओढ. ऊठ. ती वाल्वपाशी पोचली तेव्हा पेन अजून हातात होतं. यंत्रानं नोंदवलं, एक पूर्णांक दोन दशांश सेकंद.

वाल्व आवळून झाल्यावर ती स्टुलावर बसली आणि तिला एकदम रडू आलं. तीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं तिला कधी इतकं घट्ट धरलं नव्हतं. पूजेला बसताना गुरुजी म्हणायचे, यजमानांच्या हाताला हात लावा, तेव्हा ती लावायची. तेवढंच काय ते. आणि ह्यांच्या हातात एवढा जोर? एवढी खात्री?

"काय म्हणतायत दाजी?" शमशादनं दारातून विचारलं.

"ऊठ म्हणतायत."

"बस म्हणायचं यंत्र निघालं की सांग गं. मी पण घेते."

सात महिने असे गेले. पट्ट्याचा बाकीच्यांना त्रासही झाला. बाळूच्या सासूनं जत्रेत गर्दीतून नेताना त्याचा हात धरला, तर हा ओरडला, "बाहेर पळा!" आणि पाळण्याखालची रांग मोडली. शमशादची आई लेकीचा हात हातात घ्यायची बंदच झाली. घेतला की लेक उठून उभी. शिरगुप्पे म्हणाले, याचा अभ्यास चालू आहे. मालनला मात्र तसलं काही झालं नाही. घरी तिचं मनगट कुणी धरतच नव्हतं.

उलट तिचा स्वभाव मऊ झाला. दिनकर बोलत नसले तरी तिला वाटायचं, ह्या माणसाच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. ती जाता येता त्यांच्या दुकानात डोकवायला लागली. ते मात्र तिच्यापुढं हात टेबलाखाली घ्यायचे. चहा बशीत ओतायचे बंद झाले होते. स्टीलच्या उंच पेल्यात अर्धा चहा मागायचे. एकदा तिनं जेवणं झाल्यावर धीर केला आणि हात पुढं केला.

"धरा की एकदा. तिथं धरता तसं."

दिनकरांनी तिच्या हाताकडं बघितलं, आणि उठले. "इस्त्री चालू राहिलीय," म्हणाले.

इस्त्री चालू नव्हती. तिनंच मघाशी बंद केली होती.

कमलआक्का म्हणजे दिनकरांची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायची, चार म्हशी होत्या. मालनच्या लेकीच्या लग्नात आक्काला दिलेली मानाची साडी विहीणबाईंना दिलेल्या साडीपेक्षा हलकी निघाली, त्याला पाच वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघी एकमेकींशी दिनकरांमार्फत बोलायच्या, समोर उभ्या असल्या तरी.

त्या गुरुवारी बाजार होता. मालन मेथीच्या जुड्या बघत बघत मागं सरली आणि तिला कळलंच नाही की ती रस्त्यावर आली आहे. विजेवरच्या टेम्पोंना आवाज नसतो. मिरच्यांनी भरलेला एक टेम्पो तिच्या पाठीशी आला होता.

कुणीतरी मनगट धरलं. चार बोटं खालून, अंगठा वरून, वरच्या अंगाला ओढ.

"किती नंबरचा वाल्व?" मालन ओरडली आणि धावली. तीन दुकानं ओलांडून थांबली तेव्हा तिच्या लक्षात आलं की पट्टा घरी खुंटीला आहे. टेम्पो निघून गेला होता. आणि तिचं मनगट अजून कमलआक्काच्या हातात होतं. आक्का तिच्याबरोबर फरपटत आली होती.

"कसला वाल्व? भानावर ये की!" आक्का पाच वर्षांत पहिल्यांदा थेट बोलली.

मालननं त्या हाताकडं बघितलं. म्हशीच्या धारा काढून दगडासारखी झालेली बोटं.

"आक्का," ती म्हणाली, "परत धरा."

आक्कानं हात सोडला आणि पदर सारखा केला. चोरी सापडलेल्या माणसासारखा तिचा चेहरा झाला होता. मग तिनं मालनला रसवंतीच्या बाकावर बसवलं.

"दिनूचा हात थरथरतो," ती म्हणाली. "दीड वरीस झालं. मिरजेच्या डॉक्टरला दाखवलंय, गोळ्या चालू हायत. मीच नेते. मरणाचा आजार न्हाय. पण वाढत जाणार म्हणालेत. त्या गाडीतल्या मशीननं तीनदा त्याचा हात नाकारला. मग आला माझ्याकडं, गोठ्यात बसून रडला. म्हणला, आक्का, तू दे. आमच्या घरातलाच हात हाय."

मालनला राग कुणाचा करावा हेच कळेना. सात महिने ती ज्या हातासाठी हळवी झाली होती तो नणंदेचा निघाला होता.

"एवढा घट्ट कशाला धरलात पण?" शेवटी तिनं विचारलं.

"मग? सैल धरून ऐकतीस व्हय तू?"

ती तडक दुकानात गेली. भर दुपार होती. दिनकर सुईत दोरा ओवत होते. ओवला जात नव्हता. मालननं कापायच्या टेबलावर, खडूच्या रेघांवर आपला हात ठेवला.

"आता धरा. आक्का भेटल्या होत्या."

दिनकरांनी सुई उशीत खोचली. मग त्यांनी उजवा हात तिच्या मनगटावर ठेवला. शिलाईचं मशीन चालू असताना फळीवर ठेवलेली बोटं थरथरावीत तसा तो थरथरत होता.

"मला कधी सांगणार होता?"

"सांगणार होतो."

"कधी? माझ्या वर्षश्राद्धाला?"

दिनकरांना हसू आलं, आणि हात आणखीच हलला. "काम करताना एवढं नसतंय," ते म्हणाले. "रिकामा असला की जास्त."

"मग मशीनला आक्काचा हात का दिला? माझी फसवणूक का केली?"

"फसवणूक नाही गं. मी विचार केला. वायू सुटला, आणि तुझ्या मनगटावर असला थरथरता हात आला, तर तू पळायची नाहीस. मागं बघत बसशील. म्हणशील, ह्यांना काय झालं."

"मी? बावीस वर्षं झाली मला तिथं."

"आणि मला तुझ्याबरोबर तीस."

मालननं हात काढून घेतला नाही. "मला तुमचाच पाहिजे," ती म्हणाली. "दुसऱ्याचा सात महिने चालवून घेतला, पुरे झालं."

शिरगुप्प्यांची गाडी पुढच्याच पंधरवड्यात यायची होती. त्यांनी मालनचं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. थरथरता हात नाकारायचं कारण त्यांनी सांगितलं. हात एकाच वेळी दोन गोष्टी सांगतो. चल, आणि मी आहे. थरथरत्या हाताची दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी होते. मेंदू धोक्याकडं वळायच्या ऐवजी हाताच्या मालकाकडं वळतो.

"प्रत्येक मेंदू वळतो?"

"बहुतेक."

"मग माझा बघा."

"बाई, नियम अडीच सेकंदांचा आहे. त्यावर गेलात तर मशीनघर सोडावं लागेल. मला तसं लिहावं लागेल. तुम्हाला खोल्यांच्या दारावर बसवतील, पावत्या फाडायला."

मशीनघर सोडायचं. पाइपाला कान लावून रोग ओळखणारी ती, दारावर पावत्या फाडत बसणार. मालननं कडेला उभ्या असलेल्या दिनकरांकडं पाहिलं. ते मानेनं नको म्हणत होते.

"किती चाचण्या?" तिनं विचारलं.

"तीन. एका दिवसात, कधीही. वाल्वपाशी दुसरा माणूस उभा असेल, त्यामुळे धोका नाही."

शिरगुप्प्यांनी यंत्राचा नकार बाजूला ठेवला आणि दिनकरांची पकड घेतली. आक्का आणि दिनकर मशीनघराबाहेर कडुलिंबाखाली बाकावर बसले. काचेतून आतलं दिसत होतं.

पहिली सूचना साडेदहाला आली. आधी नुसती बोटं टेकली, बारीक थरथरत, आणि मग पकड. मालनची मान वळली. वाल्वकडं नाही, खिडकीकडं. मग ती पळाली. चार सेकंद.

"सवय नाही म्हणून," ती म्हणाली. शिरगुप्प्यांनी लिहून घेतलं.

दुसरी बाराला. या वेळी तिनं दात आवळून ठेवले होते. नजर वाल्ववर खिळवून ठेवली होती. हात आला तशी ती उठली, दोन पावलं गेली, आणि पावलं आपोआप संथ झाली. म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन चालताना होतात तशी. साडेतीन सेकंद.

जेवताना आक्कानं भाकरीचा तुकडा मालनच्या ताटात टाकला आणि म्हणाली, "खा. उपाशी पोटी पळतंय कोण?"

तिसरी अडीचच्या सुमारास. मालन वाल्वपासून हाताच्या अंतरावर उभी होती. आपण फसवणूक करतोय हे तिला कळत होतं, पण तिला जिंकायचं होतं. नुसता हात लांब करायचा होता, बस्स.

मनगटावर बोटं टेकली. मालनचा मोकळा हात वर उठला. वाल्वकडं जाण्यासाठीच उठला होता. पण तो आला तो पट्ट्यावर. तिनं पट्टा वरून झाकला आणि दाबून धरला. थरथर थांबावी म्हणून. सगळं विसरून ती तशीच उभी राहिली. वाल्वपाशी ठेवलेल्या माणसानं वाल्व फिरवला. पाइपातून पाणी गेल्यासारखा आवाज झाला. सहा सेकंद. सात.

दार ढकलून दिनकर आत आले होते. "काढा साहेब," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं हिला. मी हिला थांबवतोय. उद्या खरंच काही झालं, तर माझ्याच हातानं धरून ठेवल्यासारखं होईल."

"तुम्ही गप्प बसा," मालन म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि हात अजून पट्ट्यावर होता. मग तिनं तो काढला. "साहेब, लिहू नका अजून. आधीची पकड परत घालता येईल?"

"येईल. पण सात महिने झालेत, ताजी घ्यावी लागेल. ज्यांची आहे त्यांना..."

"मी हाय की," कमलआक्का दारातून म्हणाली. ती कधीच पदर खोचून तयार होती.

या वेळी मालन गाडीत आक्काजवळ उभी राहिली. आक्कानं रबरी हाताकडं तुच्छतेनं बघितलं, एकदा वाकवून पाहिला, आणि धरला. यंत्रानं पहिल्याच वेळी हिरवा दिवा दाखवला. मग चाचणी झाली. एक पूर्णांक एक दशांश सेकंद. मालन वाल्वपाशी पोचली तेव्हा तिच्या मनात कुणाचाच विचार नव्हता, आणि ते बरोबर होतं.

"ती साडी मला रंगानं आवडली होती," आक्का गाडीतून उतरताना म्हणाली. "पोत हलका होता, एवढंच."

"पाच वर्षं लागली सांगायला?"

"तू विचारलंस कुठं?"

शिरगुप्पे यंत्राचे पडदे बंद करत होते. "खराडेबाई, मिस्टरांची पकड यंत्रात आहे अजून. पुसून टाकू?"

मालननं विचारलं, "बिनतातडीचं काही नसतं का ह्याच्यात? म्हणजे काही झालेलं नसताना, उगीच?"

"नाही. हे फक्त तातडीसाठी."

"मग पुसा," ती म्हणाली. "ते आमचं आम्ही बघू."

पाळी सुटली तेव्हा ऊन उतरलं होतं. आक्का धारांची वेळ झाली म्हणून आधीच गेली होती. दिनकर स्कूटरपाशी उभे होते. त्यांनी किल्ली खिशातून काढली आणि मालनच्या हातात दिली. तिनं पट्टा डब्याच्या पिशवीत टाकला, पदर कमरेला खोचला आणि स्कूटर चालू केली. दिनकर मागं बसले. हात कुठं ठेवावा ते त्यांना सुचेना. आधी मागच्या कड्याला धरलं, मग गुडघ्यावर ठेवला.

"खांद्यावर ठेवा. पडाल."

त्यांनी ठेवला. रिकामा होता, त्यामुळे थरथरत होता. त्यांनीच शिवलेल्या ब्लाऊजच्या कापडातून तिला बोट न बोट जाणवत होतं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर ती डावीकडं वळायच्या ऐवजी कालव्याच्या रस्त्याला गेली.

"इकडून कुठं निघालीस? इकडून लांब पडतंय."

"पडू दे."

मागून एका ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. मालननं स्कूटर कडेला घेतली, त्याला पुढं जाऊ दिलं, आणि पुन्हा तितक्याच सावकाश निघाली.